तुम्ही विचारलंत म्हणून: प्रिंटसाठी शार्पनिंग किती?

"स्क्रीनवर फोटो लख्ख दिसतो, मोठी प्रिंट काढली की मऊ पडतो. तुम्ही शार्पनिंग किती ठेवता?" हे मला इतक्यांदा विचारलं जातं की एक आकडा सांगून मोकळं व्हावंसं वाटतं. पण माझा आकडा तुमच्या फोटोवर फसणार. माझ्याच फोटोवर फसला होता.

डोंगररांगेचा फोटो, 6000 बाय 4000 पिक्सेलचा. मी मूळ फाइलवरच दाबून शार्पनिंग केलं आणि मग ती 60 इंच रुंदीला वाढवली. म्हणजे इंचाला जेमतेम 100 पिक्सेल. कडेला आलेली तीन पिक्सेलची पांढरी किनार स्क्रीनवर 'धार' वाटत होती. कागदावर ती पाऊण मिलिमीटरची झाली. डोंगराच्या कडेकडेने कुणी खडूने रेघ मारावी तशी. आकाशात तर रवा सांडलेला. ती गुंडाळी अजून कपाटावर पडून आहे.

शार्पनिंग नवा तपशील आणत नाही. कडेची उजळ बाजू थोडी उजळ, गडद बाजू थोडी गडद, एवढंच. शार्पनिंगच्या नेहमीच्या साधनाचं 'अनशार्प मास्क' हे उलटं वाटणारं नाव डार्करूममधलं: निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत तिच्यावरच ठेवून प्रिंट काढायचे. ती किनार डोळ्याला वेगळी न दिसता नुसती धार जाणवली पाहिजे. 300 पीपीआयला, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल असताना, एक पिक्सेल मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान, तिथे रेडियस (किनारीची रुंदी ठरवणारा आकडा) 1 खपून जातो.

म्हणून आता कॅमेऱ्याचा मऊपणा जाईल इतकंच आधी, मग अंतिम मापाला रीसाइझ, आणि खरं शार्पनिंग सगळ्यात शेवटी, वेगळ्या लेयरवर. त्या लेयरचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी, म्हणजे फक्त उजेड-अंधार बदलतो, रंग नाही; नाहीतर कडांना रंग सुटतात. आकाश आणि त्वचा मास्कने वगळायची.

आणि 100 टक्के झूमवर, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर दिसतो त्या झूमवर, भरवसा ठेवू नका. साध्या मॉनिटरवर इंचाला साधारण 100 पिक्सेल असतात, म्हणजे 300 पीपीआयची प्रिंट तुम्ही तिप्पट मोठी करून बघत असता.

मग किती? मी फोटोतला वीतभर तुकडा खऱ्या मापात, त्याच कागदावर, तीन वेगवेगळ्या मात्रांत छापतो, भिंतीला चिकटवतो आणि लोक जिथून बघणार तिथे जाऊन उभा राहतो. मॅट कागदावर शाई पसरते, त्यामुळे तिथे बहुतेकदा स्क्रीनवर बघवत नव्हती तीच पट्टी मी उचलतो.