‘सेट’चा एकच काय तो अर्थ सांगा, सर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. फोंड्यात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला मुलांपेक्षा पालकच जास्त विचारतात. एक अर्थ सांगणं मुश्किल आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 सालच्या आवृत्तीत एकट्या ‘सेट’ क्रियापदाचे 430 अर्थ आहेत. पुढे नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ 645 वर गेला आणि सेटचा पहिला नंबर गेला. मुलांना त्याचं काय!

मी पाठांतर सांगत नाही. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ त्याचंच प्रयोजक रूप, बसवणे. जुन्या इंग्रजीपासून तसंच आहे. बाजारात शेटच्या पेढीवर अंगठी होताना बघा. (गोव्यात सोनाराला शेट म्हणतात. सेटशी नातं नाही, मुलं मुद्दाम विचारतात.) तो कोंदणात खडा ठेवतो, चारी नख्या एकेक करून त्यावर वाकवतो, नखाने हलवून बघतो आणि कोकणीत म्हणतो, ‘बसलो’, म्हणजे खडा बसला. इंग्रजीत हेच खडा सेट करणं. निखळलेलं हाड बसवतात, तेही सेट. फुटबॉलमधला सेट पीस तर आमच्या पोरांना न शिकवता येतो: खेळ थांबतो, चेंडू जागेवर ठेवतात आणि मग लाथ.

जिथे बसवणे बसत नाही तिथे लावणे लागतं. गजर लावा, सापळा लावा, कवितेला चाल लावा, आग लावा. सगळीकडे सेट आहेच. दही लावलं की ते सेट होतं, स्लॅबचं काँक्रीटही होतं. उलटं मात्र जाऊ नका. जत्रेचं नाटक आपण बसवतो, इंग्रज ते ‘स्टेज’ करतो. सूर्यही आपल्याकडे बसत नाही. मराठीत मावळतो, कोकणीत दीस बुडटा.

आता खरी गोम. दागिन्यांचा सेट, डिनर सेट, गणितातला संच, हे नाम मुळात वेगळ्याच घरातलं. लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे एकामागून चालणारे अनुयायी, त्यातून जुन्या फ्रेंचमार्गे ते आलं. पंथाला इंग्रजीत ‘सेक्ट’ म्हणतात, तोही त्याचाच भाऊ. दोन्ही शब्दांचं स्पेलिंग एक झालं आणि अर्थही एकमेकांत मिसळले. नाटकाचा सेट मात्र क्रियापदाकडचा, मांडलेला. मला विचाराल तर हे दोन सेट मुलांना वेगवेगळ्या दिवशी शिकवावेत. आपली पुस्तकं एकाच पानावर उरकतात.

‘सेट ऑफ’, ‘सेट अप’, ‘सेट इन’ यांना ही युक्ती पुरत नाही. ते वाक्यातूनच शिकावे लागतात.

राहिलं ‘पोरगा सेट झाला’. इथे त्याचा अर्थ सरकारी नोकरी लागली, एवढाच. हा आपला घरचा वापर आहे. इंग्रजीच्या पेपरात ‘सेटल्ड’ लिहायला सांगा.