९६ ग्रॅनोला बार आणि चार ट्रे चुरा

मी एका छोट्या बेकरीत काम करते आणि आमच्याकडे ग्रॅनोला बार म्हणजे सगळ्यात सोपं काम समजतात, मैदा नाही, यीस्ट नाही, फेटाफेटी नाही. म्हणून त्या दिवशी ९६ बारची ऑर्डर ताईंनी माझ्या एकटीवर सोपवली. पळण्याच्या शर्यतीसाठी हवे होते, चार वाजता पोचवायचे.

२० सेंटिमीटरचे आठ ट्रे, एकेकातून १२ बार. एका ट्रेला २५० ग्रॅम ओट्स, १२० ग्रॅम बदाम आणि बिया, १५० ग्रॅम मध, ५० ग्रॅम ब्राऊन शुगर, ६० ग्रॅम बटर, चिमूटभर मीठ. आधी चार ट्रे करायला घेतले. ओट्स १७५ डिग्रीवर दहा मिनिटं भाजून घेतले, मध-बटर वितळलं तसं ओतलं, चमच्याने ट्रेमध्ये पसरलं, बेक केलं आणि वेळ वाचवायचा म्हणून गरम असतानाच सुरी घातली. पहिला बार उचलला आणि तो हातातच सुटला. दुसराही. चारही ट्रे तसेच, नुसता चुरा. दहा वाजले होते आणि माझे हातपाय गार पडले.

ताई आल्या, चुरा बोटांत चोळून बघितला आणि म्हणाल्या, "पाक उकळलाच नाहीस ना?" नव्हता उकळला. मध, साखर, बटर नुसतं विरघळून चालत नाही, मोठे बुडबुडे यायला लागले की पुढे मिनिटभर उकळू द्यायचं, म्हणजे पाणी उडतं आणि पाक घट्ट होतो, तोच पुढे ओट्सना धरून ठेवतो. आणि बदाम मी जाडे ठेवले होते, मोठा तुकडा आला की बार नेमका तिथेच तुटतो, म्हणून सगळे परत बारीक चिरले.

मग दाबणं. हे मी आयुष्यात विसरणार नाही. मिश्रणावर बटर पेपर ठेवायचा आणि सपाट बुडाच्या ग्लासने दाबायचं, आधी कोपरे, मग कडा, मग मधला भाग, सगळं वजन टाकून. सुरुवातीला ओट्स ग्लासखाली कुरकुरतात, सरकतात, आणि थोड्या वेळाने तो आवाज बंद होतो, ग्लास सरकायचा थांबतो. तेव्हा झालं. आठव्या ट्रेपर्यंत माझा तळहात लाल झाला होता पण थांबावंसं वाटत नव्हतं.

१५० डिग्री, २५ मिनिटं, कडा सोनेरी झाल्या की बाहेर. मध लवकर करपतो त्यामुळे आच वाढवून घाई करता येत नाही. बाहेर आल्यावर मधे बोट लावलं तर मऊच लागतात, कच्चे राहिलेत असं वाटतं, पण गरम पाक पातळ असतो, तो गार झाल्यावरच आवळतो. बारा वाजता शेवटचा ट्रे निघाला. ताईंनी सुऱ्या सरळ आपल्याकडे ठेवून घेतल्या! दोन तास जाळीवर, मग अर्धा तास फ्रीजमध्ये, आणि मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतेय.

अडीचला पहिला ट्रे उलटा केला, बटर पेपर सोलला, खालची बाजू फरशीसारखी गुळगुळीत. लांब सुरी ठेवून वरून एकदम दाबली, करवतीसारखी मागेपुढे अजिबात नाही. कट् असा आवाज आला. कापलेल्या बाजूला बदामाचा प्रत्येक तुकडा जागच्या जागी दिसत होता, एक दाणासुद्धा गळला नाही.

साडेतीनला ९६ बार पेपरात गुंडाळून डब्यात गेले. सकाळचा चुरा ताईंनी फेकू दिला नाही, ओव्हनमध्ये अजून थोडा कुरकुरीत केला आणि ग्रॅनोला म्हणून बरण्यांमध्ये भरला.