कोराकुएन हॉल, एकदाचा!
आज शेवटी टोकियोतल्या कोराकुएन हॉलला प्रो-रेसलिंग बघायला जाऊन आलो, सुईदोबाशी स्टेशनवरून चालतच, हॉल पाचव्या मजल्यावर आणि मी मुद्दाम लिफ्ट सोडून जिना घेतला कारण भिंतीभर फॅन लोकांनी वर्षानुवर्षं काय काय खरडून ठेवलंय ते बघायचं होतं. शेजारच्या खुर्चीत सत्तरीतले एक आजोबा, मांडीवर कागदी फितींची रिळं, प्रत्येकाच्या आतली पुठ्ठ्याची नळी काढत बसलेले, कुणाला लागू नये म्हणून. रेसलरचं नाव पुकारलं की टोक बोटात धरून फेकायचं, रिंगभर रंगच रंग, आणि ज्युनियर रेसलर पोरं मिनिटभरात सगळं गोळा करून रिंग साफ! एक रीळ मलाही दिलं, माझं वरच्या दोरावरच अडकलं 😅 शाळेत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांवरून भांडायचो आम्ही, इथे पब्लिक इतकं शांत की चॉपचा, म्हणजे छातीवर हाताने हाणलेला, फटका मागच्या रांगेत ऐकू येतो. शेवटच्या मॅचला मात्र आजोबाच खुर्चीवरून उठून ओरडत होते.