डिझेल गाडीची चाचणी आणि नागपूरचा मे महिना

भारतात डिझेल मोटारीला मान्यता देणारी, धुरातले प्रदूषण मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी २० ते ३० अंश तापमानात, रोलरवर, एसी बंद ठेवून सुमारे वीस मिनिटे चालते आणि तिच्यातला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. नागपूरच्या वर्धा मार्गावर मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना एसी लावून चाललेल्या गाडीचा या परिस्थितीशी फारसा संबंध उरत नाही.

मूळ अडचण इंजिनातच आहे. डिझेल इंजिनात हवा जास्त आणि ज्वलनाचे तापमान प्रखर असल्यामुळे हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावून नायट्रोजन ऑक्साइड हे आरोग्याला घातक वायू तयार होतात. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडला की हे तापमान उतरते, पण काजळी वाढते आणि झडपा चोंदतात. युरियाच्या द्रावणाने हे वायू मोडता येतात, पण त्यासाठी धुराडे पुरेसे तापलेले लागते आणि सीताबर्डीच्या गर्दीत रखडणाऱ्या गाडीचे ते तापतच नाही. त्यामुळे कंपन्या नियंत्रणाची जुळवणी चाचणीच्या परिस्थितीपुरती चोख ठेवतात आणि तिच्याबाहेर इंजिनाच्या आयुष्याला झुकते माप देतात.

फोक्सवॅगनने चाचणी ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करणारे सॉफ्टवेअर बसवल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. मला मात्र त्याहून गंभीर वाटते ती चाचणीबाहेर सर्रास घेतली जाणारी सूट. ब्रिटिश सरकारने २०१६ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या, युरो ६ या युरोपीय प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्या रस्त्यावर तपासल्या, तेव्हा किलोमीटरमागे ८० मिलिग्रॅमच्या मर्यादेसमोर सरासरी ५०० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड आढळले. धूर परत फिरवण्याची यंत्रणा केवळ १५ ते ३३ अंशांदरम्यान पूर्ण क्षमतेने चालवणारे सॉफ्टवेअर बेकायदा असल्याचा निर्णय युरोपीय न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला. हाच पट्टा इथे लावला, तर नागपूरच्या उन्हाळ्यातली जवळपास प्रत्येक दुपार त्याच्या बाहेर पडते!

१ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडेही नव्या गाड्यांना, मोजयंत्र गाडीवरच बसवून, प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी द्यावी लागते, हे पाऊल मोलाचे आहे. परंतु रस्त्यावर आलेल्या डिझेल गाडीची पीयूसी तपासणी अजूनही केवळ धुराची घनता पाहते आणि नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत. नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था ज्या नागपुरात आहे, तिथे तरी रस्त्याकडेला हे वायू नियमित मोजून आकडे जाहीर व्हावेत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.