जुनी एमटीबी, सव्वा इंची टायर आणि माजिवडा ते वडपे

सायकलला १.२५ इंचाचे टायर घालून मुंबई-नाशिक महामार्गावर ठाण्याच्या माजिवड्यापासून भिवंडीजवळच्या वडप्यापर्यंत जाऊ नका. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा. काल रविवारी मुलुंड ते आसनगाव गेलो. सुमारे ५८ किलोमीटर. त्यातल्या मधल्या २४ किलोमीटरला पावणेतीन तास गेले, उरलेल्या सगळ्याला मिळून जेमतेम दोन.

सायकल जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक आहे. २६ इंची चाकं, पुढे तीन आणि मागे सात गिअर, पुढचं चाक धरणारा फोर्क स्प्रिंगचा. नऊ वर्षं जिन्याखाली उभी होती. मुंबईत डांबरावर लांब पल्ला मारावा असे दिवस डिसेंबर ते फेब्रुवारीच, आणि तेवढ्यासाठी रस्त्यावर पळणारी नवी हायब्रिड सायकल घेणं मला पटत नव्हतं. हीच डांबरी रस्त्यासाठी तयार करायची ठरवलं. निर्णय बरोबर होता, तो मी आजही बदलणार नाही. फसलो ते टायरवर, आणि एकदा नाही, दोनदा.

पहिल्यांदा दुकानदाराला ‘२६ चा बारीक टायर’ म्हणून सांगितलं. त्याने २६ × १ ३/८ दिला. घरी आणून चढवला तर रिमवर बांगडीसारखा सैल. कारण त्या टायरचा आतला व्यास ५९० मिलिमीटर असतो, आपल्या साध्या लेडीज सायकलींना तो लागतो. एमटीबीच्या रिमला ५५९ चाच बसतो. दोघांवर छापलेलं असतं २६. परत घेऊन गेलो तर ‘उघडलेला माल परत नाही’. पैसे गेले ते गेले. तुम्ही जाल तेव्हा इंचाबद्दल बोलूच नका. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात ‘४०-५५९’ असा आकडा शोधा. डॅशनंतर ५५९ नसेल तर टायर हातातही घेऊ नका, समोरचा काहीही म्हणो.

दुसऱ्या दुकानात ५५९ मिळाला, पण तिथल्या माणसाने १.५ ऐवजी १.२५ गळ्यात मारला. म्हणे, ‘रोडला हाच लागतो, उडत जाल.’ जोडीचे १,४५० घेतले. ट्यूब बदलायची गरज नाही असंही त्यानेच सांगितलं. हे साफ चुकीचं आहे. जुन्या १.९५ च्या टायरची ट्यूब सव्वा इंचाच्या टायरमध्ये घड्या पडून बसते आणि त्या घडीवरच ती फाटते. टायरबरोबर बारीक ट्यूब घ्याच.

सायकलचं बाकीचं काम सरळ होतं. दोन्ही चाकांचे हब (मधले तुंबे) आणि पेडलचा एक्सल उघडून छर्रे बदलले, नवं ग्रीस भरलं. मुंबईच्या पावसाळ्यात उभ्या सायकलचंही ग्रीस राहत नाही. सीटचा दांडा फ्रेममध्ये गंजून बसला होता, तेल सोडून दोन दिवस ठेवला तेव्हा हलला. फोर्क बदलण्याच्या फंदात पडू नका. साधा फोर्क उंचीला कमी निघाला तर पुढचा भाग खाली जातो आणि हँडल चंचल होतं. स्प्रिंगचा नॉब पूर्ण आवळला की रस्त्यापुरतं भागतं. गिअरही तेच ठेवा. पुढे ४२, मागे १४ दात म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचे तीन. मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी २८ च्या आसपास जाता, आणि आपल्या हायवेवर त्याहून जास्त कशाला हवं? वेग दाखवणारा सायकल कंप्युटर असेल तर बारीक टायरसाठी चाकाच्या परिघाचा आकडा २०५० मिलिमीटरवरून १९५० करा, नाहीतर तो पाच टक्के जास्त दाखवतो.

आता तो टप्पा. माजिवडा ते वडपे आठपदरी करण्याचं काम कित्येक वर्षं चाललंय. कुठे डांबर, कुठे काँक्रीट, मध्ये खरवडलेला पट्टा, आणि दोन पट्ट्यांमध्ये चार बोटांची पायरी. साकेत आणि खारेगावच्या पुलांवरचे जोड बारीक टायरचा जीव घेतात. पहिला पंक्चर खारेगावच्या पुढे, दुसरा मानकोलीला. दोन्ही वेळा ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. खिळा नाही, काच नाही. हवा कमी असली की कडेवर आपटताना ट्यूब रिम आणि रस्त्यामध्ये चिमटली जाते, तेच झालं. या टायरला हवेचा दाब ८० ते ८५ पीएसआय हवा. निघताना पेट्रोल पंपावर भरायला गेलो तर तिथल्या माणसाने ५० वर नळी काढली, ‘फुटेल साहेब’ म्हणून. माझा जुना हातपंपही तेवढ्यापुढे जात नाही. घरी दाब दाखवणारा घड्याळवाला उभा पंप नसेल तर बारीक टायर घेऊच नका.

मानकोलीला जवळचं सोल्युशन संपलं, म्हणून पंक्चरवाल्याकडे गेलो. ती दुकानं ट्रकची. दोन ठिगळांचे ३०० घेतले, वर ट्रकच्या पट्टीने टायर उपटायला निघाला. टायर स्वतःच्या हाताने काढा आणि ट्यूब तेवढी त्याच्या हातात द्या. त्याच्या कॉम्प्रेसरने थेट हवा भरू देऊ नका, तो ट्रकच्या दाबावर लावलेला असतो. मी डोळे मिटून नळी धरली आणि थोडी थोडी सोडायला लावली. दोन ट्यूब, ठिगळं, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप बरोबर असल्याशिवाय हा रस्ता धरायचा नाही.

मी सहाला निघालो, तोही उशीरच. जानेवारीत सूर्य सव्वासातला उगवतो, तोपर्यंत धूळ आणि धुकं मिळून पुढचा खड्डा दिसत नाही, आणि उजाडेपर्यंत भिवंडीच्या गोदामांचे ट्रक अंगावर येतात. पाचला निघा. पुढे झगझगीत दिवा, मागे लाल, आणि नाकाला कापड. पुलांच्या जोडांवर सीटवरून उठा.

वडपे ते आसनगाव रस्ता चांगला आहे. पडघा कधी मागे पडलं कळलं नाही.

परतीचा विचार मात्र आधी करा. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणजे जाताना तोंडावर. दुपारी तो फिरून समुद्राकडून येतो, म्हणजे येतानाही तोंडावर. मी आसनगावहून लोकलने येणार होतो, पण रविवारचा मेगाब्लॉक, आणि जी गाडी आली तिच्या लगेजच्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाराला चालवत निघालो. पडघ्यापासून ताशी १३ च्या वर काटा गेला नाही. खराब पट्ट्यात प्रत्येक जोड उतरून, सायकल हातात धरून ओलांडला. पंक्चर झाला नाही, पण मुलुंडला साडेपाच वाजले.

तरी सांगतो, या सायकलने मला खूश केलं. जिथे डांबर नीट होतं तिथे ती मऊ, बिनआवाजाची पळाली. जुन्या, उंचवट्यांच्या टायरची घरघर गेली की आपण किती जोर उगाच घालवत होतो ते कळतं. आज सकाळी १.७५ ची जोडी मागवली, ४७-५५९, ६० पीएसआयवर चालणारी, उभ्या पंपासकट. पुढची फेरी शनिवारी. मेगाब्लॉक नसेल, आणि परतताना आसनगावलाच सायकल लोकलमध्ये चढवणार.