भोपळ्यात काय आहे?

दिल्लीत लाल किल्ल्याजवळ 10 नोव्हेंबर 2025 ला स्फोट झाला आणि त्याच आठवड्यात मला दादरच्या एका बाईंचा तानपुरा पोचवायचा होता. आम्ही मिरजेचे. मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचा काळ सरला तसे आमच्यातले काहीजण सतारी-तानपुऱ्यांकडे वळले, ते आजतागायत.

स्टेशनचं नाव घेत नाही, जिल्ह्यातलंच आहे. जिन्यापाशी टेबल टाकून दोघे खाकीतले सामान बघत होते. "काका, इकडं या. ह्यात काय?" गवसणीत तानपुरा, आणि पिशवीत तारांची भेंडोळी, कानस, मणी, सरस, सूर लावायचं बॅटरीवरचं यंत्र. तारा, बॅटरी आणि एवढी मोठी पोकळ वस्तू एकाच माणसाकडं म्हटल्यावर मीसुद्धा थांबवलं असतं, खोटं कशाला बोलू.

त्यांना भोपळ्याच्या आत बघायचं होतं. पण तो उघडत नाही. भोपळा वाळवून त्यावर लाकडी तबली सरसानं बसवलेली असते, ती उचकटली की सगळी मेहनत मातीत. एकानं टिचकी मारून पाहिली, दुसऱ्यानं काठीचं टोक लावलं. म्हटलं, "साहेब, काठी नको, वाजवून दाखवतो." फलाटावरच मांडी घातली, चार तारा छेडल्या. आत काही कोंबलेलं असलं की आवाज बसतो, घुमत नाही. हा घुमला. शेजारचा चहावाला किटली हातात धरून तसाच उभा. साहेबांनीही मान डोलावली.

इथवर माझी काही तक्रार नाही. 11 जुलै 2006 ला मी मुंबईतच होतो. संध्याकाळी अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, 180 च्या वर माणसं गेली. त्या रात्री मी दादरहून चालत निघालो होतो. पिशवी बघा, टिचक्या मारा, गाडी चुकली तरी चालेल.

मग आधार कार्ड मागितलं. ते वाचलं आणि काकाचा चाचा झाला. "चाचा, मोबाईल द्या. लॉक काढा." फोटो बघितले, जावयाचे मेसेज बघितले, बायकोच्या सोनोग्राफीचा रिपोर्टही बोटानं मोठा करून बघितला. दादरच्या बाईंना फोन लावून "ह्यांना ओळखता का?" विचारलं. तेवढ्यात माझी गाडी, महालक्ष्मी एक्सप्रेस, निघून गेली. मी म्हटलं, निदान तपासल्याचा कागद तरी द्या. "कशाचा कागद? घेतलंय का तुमचं काही?"

तो कागद मिळवायला मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, दीडशे शब्द. राज्याच्या नियमात तेवढंच बसतं. तारीख, वेळ लिहून विचारलं: माझी तपासणी झाल्याची नोंद आहे का, मोबाईल कोणत्या आदेशानं बघितला, आणि त्या वेळचं सीसीटीव्ही चित्रण द्या. अर्ज लोहमार्ग पोलिसांकडं टाकला. पंधरवड्यानं उत्तर आलं की ते कर्मचारी रेल्वे सुरक्षा दलाचे, अर्ज तिकडं वर्ग केला आहे. लोहमार्ग पोलीस राज्याचे, सुरक्षा दल केंद्राचं. खाकी दोन्हीकडं सारखीच, रात्रीच्या फलाटावर कुणाच्या खांद्यावर काय लिहिलंय ते कोण वाचतं? कायद्यानं वर्ग करायला पाच दिवस असतात, पण ते राहू दे.

तिकडून उत्तर आलं तेव्हा दीड महिना उलटला होता. चित्रण तीस दिवसच राहतं, सबब उपलब्ध नाही. आदेशाची प्रत: निरंक. तपासणीची नोंद: निरंक. सरकारी मराठीतला हा शब्द मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळला. म्हणजे कागदावर मी त्या रात्री स्टेशनवर गेलोच नव्हतो.

धाकटा भाऊ म्हणाला, सोड की, उगीच नजरेत येशील. पण 2006 च्या त्याच खटल्यात विशेष न्यायालयानं 12 जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली आणि 21 जुलै 2025 ला उच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. पुढं सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल दाखला म्हणून वापरायला मनाई केली, पण सुटलेल्यांना परत आत टाकलं नाही. उच्च न्यायालयानं बोट ठेवलं त्यात जप्त माल नीट सीलबंद करून जपल्याचं दिसत नाही, हेही होतं. अठरा-एकोणीस वर्षं आत काढलेल्यांचं काय, आणि ज्यांची माणसं गेली त्यांनी आता कुणाकडं बघायचं? हे भावाला सांगितलं. तो गप्प बसला, पटलं असं नाही.

माझ्या माहितीच्या अर्जावर पहिलं अपील टाकलंय, सुनावणीची तारीख यायची आहे.

गेल्या महिन्यात परत तानपुरा घेऊन निघालो. ह्या वेळी घरूनच चिठ्ठी लिहून नेली: "तानपुरा एक, कानस दोन, तारा, यंत्र. तपासले." टेबलावर नवा पोरगा होता. वाचून हसला, "काका, ह्यावर सही करायची होय?" म्हटलं, कर की. केली त्यानं. वेळ मात्र मीच घातली.