घरोघरी उजनी

सोलापुरात नव्याने राहायला आलेल्या माणसाची पहिली फसगत होते ती ‘आड’ या शब्दावर. घरमालक सांगतो, "पाणी चार दिवसाआड असतंय." भाडेकरू चौथ्या दिवशी बादल्या मांडून बसतो. नळ एकदा फुसफुसतो आणि गप्प होतो. ‘आड’ म्हणजे मधले दिवस. मधे चार कोरडे गेले की पाचव्या दिवशी पाणी. कधी हे चक्र तीन दिवसाआड असतं, उन्हाळ्यात पाच दिवसाआडही जातं, पण चारचा हिशेब धरला तरी एक गंमत उरतेच. पाचाचा पाढा सात दिवसांच्या आठवड्यात कुठेच बसत नाही. आज सोमवारी आलं तर पुढचं शनिवारी, मग गुरुवारी, मंगळवारी, रविवारी. म्हणून इथल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅस आणि दुधाच्या खुणांबरोबर पेन्सिलीने बारीक ‘पा’ लिहिलेला असतो. पेन्सिलीने, कारण तो खोडावा लागतो. पंपगृहाची वीज गेली किंवा जलवाहिनी कुठे फुटली की एका गल्लीचं नव्हे, अख्ख्या गावाचं वेळापत्रक एक दिवस पुढे सरकतं. रिकामी झालेली लांबलचक वाहिनी पुन्हा भरायची, तिच्यातली हवा काढायची, मग उंचावरच्या टाक्या भरायच्या आणि मग कुठे गल्ल्या. दुरुस्ती 6 तासांची असली तरी ‘पा’ 24 तासांनीच हलतो.

जुलै-ऑगस्टमध्ये क्रिकेटच्या स्कोअरइतकाच आणखी एक स्कोअर चौकाचौकात विचारला जातो.

"उजनी किती झाली ओ?"

"वजा बारा. दौंडला चांगलं चालू हाय."

परगावच्या माणसाला हे शेअरबाजाराचं बोलणं वाटेल. धरण वजा कसं असेल? पाणी आहे किंवा नाही, उणे पाणी म्हणजे काय? पण शहराला पाणी देणाऱ्या, भीमेवरच्या उजनी धरणाची घडणच तशी आहे. धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं 63 टीएमसीहून थोडं अधिक पाणी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारांच्या खालचं. वरचं साडेत्रेपन्न टीएमसी तेवढं उपयुक्त. टक्केवारी मोजतात ती या साडेत्रेपन्नवर. त्यामुळे शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे, त्या वेळीही निम्म्याहून जास्त पाणी आत असतं. वजा 60 म्हणजे मृतसाठ्यातून 32 टीएमसी उपसून झालं. इथली शाळकरी मुलं ऋण संख्या गणिताच्या पुस्तकाआधी उजनीवर शिकत असावीत.

या स्कोअरचा रनरेटही असतो. 11,574 क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला तितक्या घनफुटांचा, प्रवाह 24 तास चालला की एक टीएमसी होतो. एक टीएमसी म्हणजे उजनीचे जवळजवळ दोन टक्के. धरणाच्या वरच्या अंगाला, भीमेकाठच्या दौंडला 50 हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर टिकला तर धरण 8 टक्क्यांनी वर येतं. चहाच्या गाड्यावरची जाणती मंडळी हे तोंडी करतात. म्हणून सोलापूरकर आकाशाकडे फारसे बघत नाहीत, पुण्याकडे बघतात. इथे कोरडं ठणठणीत असताना खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आली की चेहरे खुलतात. पुण्याच्या नाल्यांतून त्या पाण्यासोबत आणखी काय काय येतं, हा विषय चहा पिऊन झाल्यावर काढायचा.

पण खरी उजनी भीमेवर नाही, घराघरात आहे. धरण, कालवा, आवर्तन, मृतसाठा, टंचाई आराखडा हे सगळं पाटबंधारे खात्याचं शास्त्र सोलापूरच्या घरांनी छोट्या मापात उतरवून घेतलंय. अंगणातला हौद हे धरण. गच्चीवरची सिंटेक्स टाकी हा बॅलन्सिंग टँक. न्हाणीघरातलं 200 लिटरचं बॅरल हा बंधारा. आणि प्यायच्या पाण्याचा हंडा राखीव, त्याला हात लावायचा अधिकार एकाच व्यक्तीला. मृतसाठासुद्धा आहे. टाकीचा नळ तळापासून दोन-अडीच इंच वर बसवलेला असतो तो गाळ खाली राहावा म्हणून. हजार लिटरच्या टाकीत असे चाळीस-पन्नास लिटर कायम पडून असतात. पाचव्या दिवशी दुपारी टाकी तिरकी करून ते पाणी काढणारं घर म्हणजे वजात गेलेलं घर. त्या पाण्याने फक्त फरशी पुसावी. तो गाळ नळात, फ्लशच्या टाकीत आणि गिझरच्या कॉइलवर जाऊन बसला की प्लंबरची फी पाण्याच्या टँकरपेक्षा महाग पडते.

हौद किती मोठा असावा याचं गणित सोपं आहे, तरी घरं बांधताना हमखास चुकतं. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर हे सरकारी मानक. पाच माणसांच्या घराला दिवसाला 675, पाच दिवसांना 3,375 लिटर. एक घनफूट म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटर. पाच फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल हौदात तोंडापर्यंत भरला तर 2,265 लिटर मावतात. वर गच्चीत हजार, खाली दोन बॅरल, झालं 3,665. म्हणजे साठवायची सोय झाली. आता भरायची. वीस लिटरची बादली नळाखाली ठेवून घड्याळ लावावं. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला 10 लिटर. पाणी दोन तास टिकलं तर 1,200 लिटर. पाच माणसं, पाच दिवस, 1,200 लिटर: माणशी रोज 48. मानकाच्या जवळपास एक तृतीयांश. हौद रिकामा राहतो तो लहान असल्यामुळे नव्हे, अर्ध्या इंचाच्या कनेक्शनमधून तेवढंच येतं म्हणून. आणि इथेच टिल्लू मोटारीचा, म्हणजे नळातून पाणी ओढणाऱ्या छोट्या पंपाचा, जन्म होतो.

नळाला थेट मोटार लावणं बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पथक आलं तर मोटार जप्त होते, हेही. तरी लावतात, कारण शेजाऱ्याने लावलेली असते. पहिल्या घराने मोटार लावली की दुसऱ्याची धार करंगळीएवढी होते, तिसरा नाइलाजाने मोटार आणतो, आणि गल्लीच्या टोकाला उंचवट्यावर राहणाऱ्या घरात फक्त हवेची शिट्टी वाजते. त्याहून वाईट गोष्ट जमिनीखाली घडते. चार दिवस रिकामी असलेली वाहिनी, तिच्या जुन्या जोडांतून थोडी गळती, शेजारून जाणारं गटार. मोटारीने ओढ घेतली की आत दाब उणा होतो आणि गळतीची दिशा उलटते. बाहेर जाणारं पाणी थांबून बाहेरचं आत यायला लागतं. सकाळी पिवळसर, वासाचं पाणी आलं की आपण महापालिकेच्या नावाने बोटं मोडतो. त्यातला अर्धा दोष आपल्याच मोटारीचा असतो, पण मोटारीच्या नावाने बोटं मोडायला कोणी चौकात जात नाही.

मोटार लावायचीच तर हौदावर लावावी, हौदातून गच्चीवर चढवायला. तीही पाण्याच्या दिवशीच हमखास रुसते. आवाज येतो, पाणी येत नाही, म्हणजे आत हवा अडकली. फूट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे हौदात बुडालेल्या पाइपाच्या टोकाच्या झडपेत, कचरा बसला की रात्रीतून पाइपातलं पाणी खाली उतरतं. व्हॉल्व्ह साफ करावा, वरची चकती उघडून तांब्याने पाणी ओतून भरून घ्यावं, मग बटण दाबावं. कोरडी दहा मिनिटं चालवली तर सील जातं, आणि पहाटे साडेतीनला सील मिळण्याचं दुकान अजून निघालेलं नाही.

भरण्याचा क्रम प्रत्येक घराचा ठरलेला असतो. अनुभवाने आलेला आणि बऱ्याच अंशी बरोबर. पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी संडासाच्या बॅरलमध्ये. मग हौद. धार स्वच्छ आणि जोरात असते तेव्हा मधेच हंडे-कळशा. शेवटी धार बारीक होत गेली की प्यायचं काही भरायचं नाही. इथवर शहाणपण. त्यानंतर एक वेडेपणा, जो गावभर चालतो: नवं पाणी आलं की जुनं ‘शिळं’ म्हणून ओतून देणं. चार दिवस थेंब थेंब जपलेलं पाणी पाचव्या पहाटे रस्त्यावर. भाकरी शिळी होते, पाणी कसं होईल? झाकून ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो एवढंच खरं. कपडे, भांडी, झाडं यांना ते उत्तम चालतं, आणि प्यायचं असेल तर उकळावं. हौदातलं पाणी जास्त दिवस ठेवायचं असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी हौदात सोडून तासभर थांबावं. पावडर जुनी, सादळलेली असेल तर तिच्यात फक्त वास उरलेला असतो.

हौद आठवड्यातून एकदा कोरडा करावा असं आरोग्यसेविका दारोदार सांगत फिरतात, आणि लोक तो नुसता रिकामा करतात. डेंग्यूचा डास पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेघेच्या जरा वर भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी होऊनही महिनोन् महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून घासणं महत्त्वाचं, काथ्याने, कडेकडेने. अंड्यापासून डास व्हायला 8 ते 10 दिवस पुरतात, म्हणजे आपल्या पाण्याच्या दोन पाळ्या.

हे सगळं करतं कोण? पाणी रात्री दोनला सुटो की पहाटे चारला, उठते घरातली बाई. पूर्व भागात हाक तेलुगूत येते, "नीळ्ळु वच्चायि!", पुढच्या गल्लीत कन्नडमध्ये "नीरु बंतु!", त्यापुढे "पानी आया रे!" आणि आपल्याकडे "सुटलं ओ!" चार भाषांच्या या शहरात एकाच वाक्याला भाषांतर लागत नाही. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर असते. पाण्याच्या दिवशी तिच्या सुपातला तंबाखू तसाच राहतो. पाणीपट्टीच्या बिलात ही रक्कम कुठे धरलेली नसते.

राजकारण इथे आपोआपच येतं. सोलापुरात कोणत्याही निवडणुकीला इतर मुद्दे असतात, पण ‘रोज पाणी’ हे आश्वासन प्रत्येक जाहीरनाम्यात नव्या कागदावर छापलेलं असतं. 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला आणि नगरसेवकाच्या दारात घागरी आपटायची सोय गेली. मग कळलं की गल्लीची सत्ता कधीच त्याच्याकडे नव्हती, ती चावीवाल्याकडे होती. सायकलवर लांब लोखंडी टी-आकाराची चावी बांधून येतो, झाकण काढतो, मोजून फेरे देतो. दोन फेरे कमी दिले तर एका पेठेचा दिवस बिघडतो. त्याचा मोबाइल नंबर आमदाराच्या नंबरापेक्षा जास्त घरांत सापडेल. त्याच्यावर ओरडणं मात्र अन्याय आहे. वरच्या टाकीत पाण्याची पातळी नसेल तर तो कितीही फेरे देवो, हवाच येणार.

गावाच्या शुद्धीकरण केंद्रांत पाणी येतं तीन वाटांनी. उजनीहून थेट जलवाहिनीने पाकणीला, भीमेतून टाकळीच्या पंपगृहावरून सोरेगावला, आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावातून भवानी पेठेत. यातली नदीची वाट सगळ्यांत उधळी. टाकळीचे पंप ज्यांतून पाणी उचलतात ते औज आणि चिंचपूरचे बंधारे भरावेत म्हणून धरणातून नदीत पाच-सहा टीएमसी सोडावे लागतात. आता हिशेब करा. एक टीएमसी म्हणजे 2,832 कोटी लिटर. शहराला दिवसाला 17 कोटी लिटर दिले तरी एक टीएमसी साडेपाच महिने पुरेल. बाकीचं पाणी नदीचं पात्र पितं, ऊन पितं, काठचे पंप पितात. त्यांतल्या प्रत्येकाला आपली तहान रास्तच वाटते, आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत उसाची तहान सगळ्यांत मोठ्याने बोलते. म्हणूनच उजनीहून येणाऱ्या जुन्या वाहिनीला जोड म्हणून सुमारे 110 किलोमीटरच्या समांतर जलवाहिनीची एवढी वाट पाहिली गेली. पण ती वाहिनी पाणी पाकणीपर्यंत आणते. तिथून प्रत्येक पेठेला पुरेल अशी उंच टाकी, गळकी न राहिलेली वाटपवाहिनी आणि हद्दवाढीतल्या वसाहतींपर्यंत पोचणारा दाब हे वेगळं काम आहे. 1992 च्या हद्दवाढीत गाव एका रात्रीत पाचपट झालं, नळ तसे ताणता येत नाहीत.

या गावाचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, आणि त्यांची ओळख तळं खोदणारा योगी अशी. मंदिरही तळ्यातच आहे. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी लाखो लोक त्या तळ्याकाठी जमतात आणि घरी येऊन पहिला प्रश्न विचारतात, "पाणी आलं होतं का?"

ऑगस्टच्या अखेरीस एखाद्या वर्षी उजनी शंभरी ओलांडते, 110 टक्क्यांच्या घरात जाते, भीमेत विसर्ग सुरू होतो, पंढरपुरात चंद्रभागेची वाळवंटं बुडतात. टाकळीला नदी काठोकाठ. पण ते पाणी इतकं गढूळ असतं की सोरेगावला तुरटीचा डोस वाढवावा लागतो, फिल्टर वारंवार धुवावे लागतात, आणि शुद्ध पाणी कमी निघतं. संध्याकाळी बातमी येते: पुरामुळे पाणीपुरवठा एक दिवस उशिरा. स्वयंपाकघरात कोणीतरी रबर शोधतं, बुधवारचा ‘पा’ खोडतं आणि गुरुवारच्या चौकोनात लिहितं.